लक्ष्या बरा आहे

दिवाळी झाली की मोखाड्याचे पाडे रिकामे होतात. भात झोडून झालेले असते, नागली घरात आलेली असते, आणि माणसे बोचकी बांधून भिवंडीकडे, वसईकडे निघतात. इकडे त्याला 'जगायला जाणे' म्हणतात.

प्रतिक्षा अशाच घरातली. सूर्यमाळच्या उतारावर तिचा पाडा. घरची जमीन नव्हती. बाप दुसऱ्यांच्या शेतावर राबून लवकर गेला, आई पोशी अजून राबते. थोरला भाऊ लक्ष्या लहानपणीच कामाला लागला आणि बहिणीला त्याने आश्रमशाळेत घातले. "घरातलं एक माणूस तरी सावलीला बसून काम करू दे," असे तो म्हणायचा. प्रतिक्षा पुढे जव्हारच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकली आणि तिथल्याच एका संस्थेत लागली. बाजारपेठेमागे, खतबियाण्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत संस्थेचे ऑफिस आहे. जिना चढताना फवारणीच्या औषधांचा वास नाकात बसतो तो संध्याकाळपर्यंत जात नाही.

संस्था जगायला गेलेल्या माणसांची खबर ठेवते. त्यासाठी 'हालहवाल' नावाची फोनलाइन आहे. दर गुरुवारी संध्याकाळी, कामे सुटायच्या वेळेला, कॉम्प्युटर प्रत्येक मजुराला फोन लावतो. नाव घेऊन हाक मारतो आणि म्हणतो, "बरे असाल तर एक दाबा. मदत हवी असेल तर दोन दाबा." मग घरच्यांनी लाइनला मिस्ड कॉल दिला की कॉम्प्युटर त्यांना उलटा फोन करून सांगतो, तुमचा माणूस कसा आहे.

हा आवाज प्रतिक्षाचा. शहरातल्या बाईचा आवाज पाड्यावर कोणी नीट ऐकून घेणार नाही म्हणून तिलाच बसवले होते. तिने एकेक नाव वेगळे बोलून ठेवले, 'बरा आहे', 'बरी आहे' हे वेगळे बोलून ठेवले, आणि यंत्र ते तुकडे जोडते. त्यामुळे नाव आणि पुढचे वाक्य यांच्यामध्ये किंचित जागा राहते. पोशी पाड्याच्या वरच्या अंगाला, जिथे रेंज मिळते त्या कातळावर उभी राहून शुक्रवारी मिस्ड कॉल द्यायची. फोन यायचा आणि तिची लेक तिला सांगायची, "लक्ष्या... बरा आहे."

लक्ष्या खाडीत रेती काढायच्या कामावर होता. बोट खाडीच्या मधोमध उभी करतात, लांब बांबू तळाशी रोवतात, आणि एक माणूस तो बांबू धरून लोखंडी बादली घेऊन खाली उतरतो. श्वास पुरेल तोवर बादली भरायची, दोरी हलवायची. वरचा माणूस ओढून घेतो. अशा माणसाला तिकडे डुबी म्हणतात. लक्ष्या चांगला डुबी होता. घरी आला की त्याच्या कानातून पाणी यायचे आणि हाक मारली तर तो दुसरीकडेच बघायचा.

शेवटचा घरी आला तेव्हा त्याचे आणि आईचे वाजले. तिकडच्या वीटभट्टीवरच्या एका बाईशी त्याला लग्न करायचे होते, आणि ती आपल्यातली नव्हती. पोशीने "घरात पाय नाय ठेवायचा" असे म्हटले. तो बोचके उचलून उतरणीला लागला. त्यानंतर घरच्यांचा फोन त्याने कधी उचलला नाही. शिमग्याला तो आला नाही. खोडाळ्याच्या अंगाला बोहाडा, म्हणजे देवांच्या मुखवट्यांचा उत्सव झाला, त्यात दरवर्षी तो एक सोंग घ्यायचा, त्यालाही आला नाही. एका नात्यातल्या माणसाला पोशीने तिकडे बघायला पाठवले, तर बोट त्या जागी नव्हती आणि किनाऱ्यावरचे लोक म्हणाले, गेला असेल दुसऱ्या बोटीवर.

"बरा आहे तं येत का नाय?" पोशी लेकीला विचारायची. "तिच्यापाशी राहात असल. आई मेली त्याच्यासाठी."

दुसरा शिमगाही तसाच गेला. यंत्र दर आठवड्याला बरा आहे म्हणून सांगत होते, त्यामुळे काळजीची जागा हळूहळू रागाने घेतली. प्रतिक्षालाही राग होता. तिने त्याला फोन करणे सोडून दिले होते.

हालहवाल उभी केली हरेशने, नाशिकच्या एका हुशार माणसाने. एर्लांग नावाच्या भाषेत त्याने ती लिहिली होती. ही भाषा मुळात टेलिफोन एक्स्चेंजसाठी झालेली. तिच्याखाली जे यंत्र चालते त्यात हजारो छोटी कामे एकाच वेळी, एकमेकांना धक्का न लावता चालू राहतात. हरेशने प्रत्येक मजुरासाठी एक काम वेगळे ठेवले होते. तो त्याला प्रोसेस म्हणायचा. संस्थेच्या प्रमुख उज्ज्वलाताई त्याला 'जीव' म्हणायला लागल्या आणि मग सगळेच म्हणायला लागले. लक्ष्याचा एक जीव, दुसऱ्याचा दुसरा. प्रत्येक जीव आपल्या माणसाला फोन करतो आणि आलेले उत्तर लक्षात ठेवतो. एखाद्यात बिघाड झाला तर तो तेवढाच मरतो. वर एक राखणदार बसलेला असतो, तो लगेच नवा जीव उभा करतो. बाकीच्यांना पत्ताही लागत नाही.

"पडू दे," हरेश म्हणायचा. "पडलं की नवं उभं राहतं. म्हणून तर ही लाइन कधी बंद पडत नाही."

हे खरेच होते. पावसाळ्यात जव्हारची वीज गेली, टॉवर बंद पडले, तरी हालहवाल बंद पडली नाही.

पुढे हरेश पुण्याला नोकरीला गेला आणि सगळे प्रतिक्षाच्या अंगावर आले. तिला त्या जुन्या लिखाणाला हात लावायची भीती वाटायची. कुठल्या जागी काय येणार, आकडा की नाव की काहीच नाही, हे ती भाषा आधी विचारत नसे. चूक असेल तर ती चालत्या फोनवरच उघडी पडायची. शोधता शोधता तिला कळले की त्याच यंत्रावर चालणाऱ्या काही नव्या भाषा आल्या आहेत, ज्या कुठे काय येईल ते सगळे आधीच ठरवून मागतात. त्यांतली ग्लीम तिने शिकायला घेतली. पाया तोच असल्यामुळे जुने पाडायची गरज नव्हती. एकेक तुकडा नव्याने लिहायचा, आणि जुने व नवे एकमेकांना निरोप पाठवत शेजारी शेजारी चालत राहतात.

"चालतंय ते का मोडायचं?" उज्ज्वलाताईंनी विचारले.

"मोडत नाही, ताई. यंत्र तेच राहील. फक्त चालू करायच्या आधी विचारेल, हे राहिलं का, ते राहिलं का."

"कोण विचारेल?"

"भाषाच विचारते."

भाताची आवणी उरकल्यावरचे दिवस होते. माणसे घरी परतलेली, फोन कमी, म्हणून तिने तेव्हाच काम काढले. पहिला तुकडा घेतला तो उत्तराचा. हरेशने लिहिले होते तसेच तिने लिहिले: एक दाबले तर बरा, दोन दाबले तर अडचणीत. फोन उचललाच नाही तर त्याची नोंद वेगळीकडे होत होती, लागोपाठ काही आठवडे उचलला नाही की नावापुढे लाल खूण यायची. ते सगळे नीट होते. तिने चालवून बघितले तर नव्या भाषेने ते घेतलेच नाही. पडद्यावर आले की सगळ्या शक्यता झालेल्या नाहीत, एक आणि दोन सोडून दुसरे काही आले तर काय करायचे?

एक आणि दोन सोडून कोण काय दाबणार, असे तिच्या मनात आले. पण तिथे काहीतरी लिहावेच लागणार होते. जुन्यात अशा वेळी काय होत असेल ते बघावे म्हणून तिने हरेशचे लिखाण उघडले. जुन्यात काहीच नव्हते. तिसरे बटण आले की त्या जीवाला काय करावे ते कळत नसे आणि तो मरायचा. राखणदार नवा उभा करायचा. आणि नवा जीव जन्माला येताना त्याच्यापाशी एकच गोष्ट असायची, नाव नोंदवताना लिहिलेली. नाव नोंदवताना प्रत्येक माणूस बरा असतो.

तिने मेलेल्या जीवांची नोंद उघडली. ती कोणी कधी बघत नसे, कारण मेलेला प्रत्येक जीव पुन्हा उठलेला असायचा. तुरळक नावे होती, चुकून चार दाबलेल्यांची, खिशात बटण दाबले गेलेल्यांची. आणि एक नाव दर आठवड्याला होते. दर गुरुवारी लक्ष्याचा फोन कोणीतरी उचलत होते, पूर्ण ऐकून घेत होते, आणि शून्य दाबत होते. दर गुरुवारी तो जीव मरत होता, नवा होऊन उठत होता, आणि शुक्रवारी कातळावर उभ्या असलेल्या पोशीला सांगत होता की लक्ष्या बरा आहे.

बाहेर बाजारात माणसे होती, खालच्या दुकानात कोणीतरी हसत होते. प्रतिक्षाने ऑफिसच्या फोनवरून, हालहवालच्याच नंबरवरून, भावाचा नंबर लावला.

चार-पाच वेळा वाजून फोन उचलला गेला. पलीकडून पावसाचा आवाज आला.

"लक्ष्यादादा?" ती म्हणाली.

उत्तराऐवजी बटण दाबल्याचा आवाज आला. थोडे थांबून पुन्हा एकदा आला.

तो माणूस तिला यंत्र समजत होता. आवाज तोच, हाक तीच, त्याने नेहमीसारखे शून्य दाबले होते.

"मी मशीन नाय," ती म्हणाली. ऑफिसात बोलायची भाषा तिच्या तोंडून गळून गेली. "मी त्याची बहीण. प्रतिक्षा. कोण आहे तिकडं?"

पावसाचा आवाज कमी झाला, कोणीतरी आडोशाला आले होते.

"बहीण आहेस?" माणूस म्हणाला. "मला वाटलं, ती मशीनवाली बाई."

"ती पण मीच."

"मंग तूच हाक मारायचीस त्याला. दर हप्त्याला."

त्याचे नाव नवशा. जव्हारजवळच्या वांगणी गावचा. लक्ष्याच्याच बोटीवर दोरीवर असायचा. फोनवर त्याने एवढेच सांगितले. बाकीचे तोंडावर सांगतो, ये, असे म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती वावर गावापर्यंत जीपने गेली आणि पुढे चिखलातून चालत. नवशा ओटीवर बसला होता. तो तिच्याकडे बघत नव्हता. शर्टाच्या खिशात लक्ष्याचा फोन होता, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. तो त्याने मध्ये जमिनीवर ठेवला.

"सकाळची पाळी होती," तो म्हणाला. "धुकं होतं, बाजूची बोट दिसत नव्हती. तो उतरला. जरा वेळानं दोरी हलली, म्हणून मी ओढली. बादली वर आली, भरलेली होती. तो नाय आला."

"मग?"

"बांबू हलत होता. मला वाटलं येतोय. मंग हलायचा थांबला. आम्ही उतरलो सगळे, भरती लागंपर्यंत शोधलं. सेठ आला, बोलला, हे काम चोरीचं आहे, पोलीस आले तं तुम्हीच आत जाल, निघा. बोट दुसरीकडं नेली. आम्हाला गाडीत घातलं न् सोडलं. त्याचा शर्ट बोटीवर होता, शर्टात फोन होता. तो मी घेतला."

"घरी का सांगितलं नाय?"

"घरचा फोन यायचा. आईचं नाव दिसायचं. उचलून काय बोलू? दोरी माझ्या हातात होती." त्याने तळहात मांडीवर पुसले, ते कोरडेच होते. "मशीनचा फोन यायचा तवा उचलायचो. मशीनला बोलावं लागत नाय. एक दाबला तं खोटं होतं. दोन दाबून मदत कुणाला पाठवशील? म्हणून शून्य दाबायचो. मला वाटायचं, तिकडं कुणीतरी बघत असल, शून्य म्हणजे काय ते समजल त्यांना. कुणी आलं नाय. मंग पुढच्या हप्त्याला पुन्हा हाक यायची, लक्ष्या, म्हणून. मला वाटायचं, त्याला अजून बोलावतात."

फोन तो रोज चार्ज करत होता. खाडीचे काम त्याने सोडले होते, पण गुरुवारी संध्याकाळी जिथे असेल तिथे तो उजेड असेपर्यंत रेंज शोधत फिरायचा. त्याच्या बायकोने हे प्रतिक्षाला जाताना अंगणात सांगितले. फोन घेऊन जा, ती म्हणाली. वाजला की हे माणूस माझं राहात नाय.

नवशाने फोन उचलला नसता तर चारपाच आठवड्यांत लक्ष्याच्या नावापुढे लाल खूण आली असती. परतीच्या जीपमध्ये प्रतिक्षाच्या डोक्यात हे आले, आणि तिने ते कोणालाच सांगायचे नाही असे ठरवले. निदान नवशाला तरी.

पोशी दुसऱ्याच्या नागलीत बेणणी करत होती. प्रतिक्षा बांधावरून खाली उतरली आणि तिच्या शेजारी बसून तिनेही गवत उपटायला घेतले. मग तिने सांगितले. पोशीने हात थांबवला नाही. ओळ संपेपर्यंत ती गवत काढत राहिली.

"कवा?" तिने विचारले.

"दोन शिमगे झाले, त्याच्या आधीच्या थंडीत. घरातनं गेला त्याच थंडीत."

"न् मी त्याला शिव्या घालत होते." पुढच्या ओळीला लागत ती म्हणाली, "तुझाच आवाज होता ना. बरा आहे म्हणत होतीस."

"यंत्र जोडायचं, आये."

"आवाज तुझाच होता," पोशी म्हणाली. ती रागावली नव्हती. जे झाले ते तिने फक्त सांगितले.

त्यानंतर बरेच दिवस पोशी लेकीशी बोलायची तेव्हा तिच्या तोंडाकडे बघायची, ओठ हलतात का ते. प्रतिक्षा घरात असली तरी तिने मागच्या खोलीतून हाक मारलेली पोशीला चालत नसे. समोर ये न् बोल, असे म्हणायची.

उज्ज्वलाताईंबरोबर जाऊन प्रतिक्षाने तिकडच्या पोलीस ठाण्यात तक्रार दिली. नवशा जबानीला आला. बोटीचा मालक कोण हे कोणालाच सांगता आले नाही, सेठ म्हणूनच सगळे त्याला ओळखत होते. ती तक्रार अजून तशीच आहे. वीटभट्टीवरची ती बाईही त्यांनी शोधली. ती दुसऱ्या भट्टीवर गेली होती. तिला वाटत होते, आईने लक्ष्याला घरी डांबून ठेवले आहे.

हरेशला तिने फोन केला. सगळे ऐकून तो म्हणाला, "मी ती नोंद बघायचो सुरुवातीला. मग बघायचं सोडलं. सगळं उठत होतं ना."

नवे लिखाण भाद्रपद संपता संपता तयार झाले. भाषेने जिथे अडवले होते तिथे प्रतिक्षाने तिसरी शक्यता लिहिली. आता फोनवर तिचा आवाज म्हणतो, "हा फोन दुसऱ्या कोणाकडे असेल, तर शून्य दाबा." शून्य आले की यंत्र घरी काहीच सांगत नाही, आणि प्रतिक्षा स्वतः त्या नंबरला फोन करते. नवा जीवही आता जन्मताना बरा नसतो. पहिले उत्तर येईपर्यंत तो 'माहीत नाही' एवढेच जाणतो. एकेक करून सगळी माणसे तिने जुन्यातून नव्यात नेली. शेवटी जुन्यात एकच जीव उरला. तो नुसता मारून भागणार नव्हते, राखणदार उठवणारच. आधी राखणदाराला सांगावे लागले की ह्याला आता उठवू नकोस. उज्ज्वलाताई तिच्या खांद्यावर हात ठेवून मागे उभ्या होत्या. ओळ टाइप करायला तिला फार वेळ लागला.

त्या दिवाळीनंतर लाइन भरात आली तेव्हा शून्ये येऊ लागली. बहुतेक साधी असतात. फोन बायकोकडे राहिलेला असतो, मित्राने मागून नेलेला असतो. प्रतिक्षा प्रत्येकाला फोन लावते आणि पहिला शब्द ऐकू येईपर्यंत श्वास धरून बसते. एकदा कोणीतरी उचलून गप्प राहिले, तर ती फोन हातात धरून सबंध दुपार विचारत राहिली, कोण आहे, बोला, मी मशीन नाही. ते एक लहान मूल निघाले. आईचा फोन घेऊन खेळत होते.

लक्ष्याचे दिवस पोशीने त्याच साली, मजुरीचे भात घरात आल्यावर केले. देह नसला की काय करायचे ते पाड्यातल्या म्हाताऱ्या धोंडीबाईला ठाऊक होते. तिने पिठाचा माणूस केला, त्याला लक्ष्याचे धुतलेले धोतर नेसवले आणि सगळ्यांनी मिळून त्याला ओढ्याकाठी नेले. नवशा वांगणीहून आला होता. तो सगळ्यांच्या मागे, झाडाला टेकून उभा होता, जवळ यायला तयार नव्हता. सगळे उरकून माणसे जेवायला बसली तेव्हा पोशीने ताट वाढले आणि ते घेऊन स्वतः त्याच्याकडे गेली. त्याच्यासमोर ठेवले आणि तिथेच खाली बसली.

तो जेवेना.

"एक विचारू?" पोशी म्हणाली.

त्याने मान हलवली.

"पाणी गार होतं का?"

नवशाला खोटे सांगायचे नव्हते.

"वर गार असतं," तो म्हणाला. "लय गार. खाली गेल्यावर समजत नाय."

पोशीने ताट त्याच्याकडे सरकवले. "जेव," ती म्हणाली. आणि तो जेवेपर्यंत तिथे बसून राहिली.